नानांची सूचना

पिंप्राळा, जळगाव
२८ जानेवारी २०२५

ती. रत्नाअक्कास,

नमस्कार. तुझ्या कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं आणि मी फोनवर ओरडलो की आपल्या घरचं सगळं कॉलनीला कळतं, म्हणून आपलं पत्रच बरं. शिवाय आज जे सांगायचं आहे ते कॉलनीबद्दलच आहे.

आमच्या समाधान कॉलनीत समाजसेवेची साथ आली आहे. आमच्या घरासमोरचं उद्यान तुला आठवत असेल. उद्यान म्हणायचं आपलं. एक घसरगुंडी, जिची शिडी कोणीतरी काढून नेली, दोन बाकं आणि मधोमध तो जुना निंब. बाकी सगळं गुटख्याच्या पुड्या, पिशव्या आणि लग्नसराईतले द्रोण. इतकी वर्षं तिथं कुत्र्यांखेरीज कोणी फिरकलं नाही. आता अचानक सगळ्यांना त्याची माया आली आणि ‘स्वच्छ उद्यान समिती’ निघाली. अध्यक्ष प्रेमराज. हा असोद्याचा, केळीच्या गाड्या भरून परराज्यात पाठवतो. माणूस वाईट नाही, पण हातात माइक नसला तर त्याला अंगात सदरा नसल्यासारखं वाटतं.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन उरकून पहिली मोहीम झाली. प्रत्येकाला नारिंगी जाकीट. पाठीवर समितीचं नाव आणि त्याहून मोठ्या अक्षरात प्रेमराजचं. हातात मोजे, तेही पांढरे. कचरा उचलायला पांढरे मोजे घालणारी माणसं मी प्रथमच पाहिली. चाळीसेक माणसं आणि झाडू मोजके, त्यामुळे एकाने झाडू धरायचा आणि चौघांनी त्याचा फोटो काढायचा असं चाललं होतं. आधी झाडूला हार घातला, नारळ फोडला आणि नारळाची करवंटी तिथंच टाकली. बाजार समितीत हेडक्लार्क म्हणून माझा जन्म गेला, समित्या मी पुष्कळ पाहिल्या, पण इतकी बिनडोक समिती पाहिली नव्हती.

आपली ज्योतीसुद्धा त्यात आहे. एम. ए. झालेली माझी सून, जाकीट घालून लोकांनी थुंकून टाकलेल्या पुड्या वेचते. मी गॅलरीत खुर्ची टाकून सगळं पाहिलं. चहाही तिथंच घेतला.

दुपारी भरीत पार्टी. खरी मोहीम तीच होती. उद्यानातच, निंबापासून चार हातांवर कपाशीच्या काड्या पेटवून वांगी भाजली. भरीत, पुऱ्या, कांद्याची पात आणि थर्माकोलच्या ताटल्या. संध्याकाळी उद्यानात सकाळपेक्षा जास्त कचरा होता. फोटो मात्र सकाळचे फिरले.

असो. यंदा अक्षय तृतीयेला, आपल्या आखाजीला ये. माय गेल्यापासून तू आखाजीला आली नाहीस. माझा लेक नवीन पुण्याहून येणार नाही म्हणतो, ज्योती शाळेच्या पेपरांत असते, मला घरात बोलायला कोणी नाही. मी घ्यायला येतो.

तुझा
भूपेंद्र


देवपूर, धुळे
४ फेब्रुवारी २०२५

चि. भूपा,

आशीर्वाद. पत्र वाचून दोनदा हसले आणि एकदा चिडले. हसले त्या समितीला आणि चिडले तुला.

चाळीस माणसं मूर्ख, मान्य. त्यांनी निदान एकेक पुडी तरी उचलली. तू काय उचललंस? चहाचा कप. तोही रिकामा झाल्यावर तिथंच ठेवला असशील, ज्योती वर आली की नेईल म्हणून. लहानपणीही तू असाच होतास. आबा खळ्यात राबायचे आणि तू माळवदावर बसून कोणाचं कुठं चुकतंय ते सांगायचास. उंटावरचा शहाणा. पेन्शन घेतलीस, पण उंटावरून उतरला नाहीस. सून पुड्या वेचते याची तुला लाज वाटते. मला थुंकणाऱ्यांची वाटली असती.

समित्यांचं नवल मला सांगू नकोस. आमच्या इथल्या एका मंडळाने पांझरेच्या काठी झाडं लावली आणि प्रत्येक झाडाभोवती लोखंडी पिंजरा बसवून त्यावर देणगीदाराचं नाव लिहिलं. झाडं मेली. पिंजरे उभे आहेत, नावं अजून वाचता येतात.

आखाजीचं म्हणतोस, तर मी का येत नाही ते तुला माहीत आहे. सासुरवाशिणीला आखाजीचं माहेर म्हणजे झोका. धरणगावचा आपला निंब रस्तारुंदीत गेला, माय गेली, मग यायचं कशाला? तुझ्या हॉलमधल्या सोफ्यावर बसून आमरस खायला मला धुळं काय वाईट आहे? मी येईन तर झोक्यासाठी येईन. खऱ्या निंबाला बांधलेल्या झोक्यासाठी. तुझ्या घरासमोर निंब आहे म्हणतोस, त्याला आडवी, जाड फांदी आहे का ते पाहून कळव. मायच्या झोक्याचा दोर माझ्याच पेटीत आहे. ऋतिकालाही घेऊन येईन. नात बारावीला गेली, पण आखाजीचा झोका तिने फक्त मोबाईलमध्ये पाहिला आहे.

फांदी नसेल तर घ्यायला येऊ नकोस. एकटाच परत जाशील.

रत्नाअक्का


पिंप्राळा
२५ फेब्रुवारी २०२५

ती. अक्कास,

फांदी आहे! गॅलरीतून नीट पाहून घेतली. घसरगुंडीच्या बाजूला, हत्तीच्या सोंडेएवढी जाड आणि अगदी आडवी. तू, ऋतिका आणि वर तुझी एखादी विहीण बसली तरी हलायची नाही. तेव्हा तू येणार हे ठरलं. मी मुऱ्हाळी म्हणून तुला न्यायला येतो, नवा सदरा घालून.

आता परवाच्या रविवारची मोहीम ऐक. या वेळी प्रमुख पाहुणे होते, निवडणुकीला उभे राहायच्या तयारीतले एक पुढारी. त्यांची वेळ आठची. समितीने हौसेने सातलाच सुरुवात केली आणि नऊपर्यंत उद्यान खरंच स्वच्छ करून टाकलं. पाहुणे आले साडेदहाला. आता पाहुण्यांनी उचलायचं काय? प्रेमराजने डोकं खाजवलं आणि भरलेली पोती पुन्हा उपडी करायला लावली! अक्का, माझ्या डोळ्यांनी पाहिलं. माणसं रांगेने कचरा पसरत होती, आणि एकजण सांगत होता की पुड्या जरा पुढे टाका, फोटोत येत नाहीत. ज्योतीने म्हणे आपलं पोतं सोडलं नाही, घट्ट धरून उभी राहिली. मी ते पाहिलं नाही, मी हसत होतो. पाहुण्यांनी दोन पुड्या उचलल्या, हात धुतले आणि गेले. मग समिती भरीत खायला बसली आणि पसरलेला कचरा पसरलेलाच राहिला.

त्यात आता निंबाची पानगळ सुरू आहे. झाडून होत नाही तो पुन्हा पाला. त्यावर प्रेमराज माइकवर काय म्हणाला माहीत आहे? म्हणे, “आपली मोहीम या निंबामुळे फेल जाते. सगळ्यात जास्त कचरा हे झाडच करतं.” आणि चाळीस माणसांनी माना डोलावल्या. नाचता येईना अंगण वाकडं! मला राहवलं नाही. मी गॅलरीतून असा एक टोला हाणला की खाली सगळे चिडीचूप. काय बोललो ते भेटीत सांगेन, लिहिण्यात मजा नाही. पण जन्मभर लक्षात ठेवतील.

भूपेंद्र


देवपूर, धुळे
५ मार्च २०२५

चि. भूपा,

आशीर्वाद. काय बोललास ते लिहून कळव. टोला कळायला समोरच्याला थोडी अक्कल लागते, आणि तिथं ती कोणाला नाही असं तूच तीन पानं भरून लिहिलं आहेस.

पाहुण्यांची गोष्ट मी शेजारच्या ताईबाईला वाचून दाखवली. ती म्हणाली, तुझा भाऊ लिहितो छान. मी म्हटलं, तेवढंच करतो. पोतं धरून उभ्या राहिलेल्या ज्योतीला मात्र माझा आशीर्वाद सांग. नेमकं तेच तू पाहिलं नाहीस, याचं मला मुळीच आश्चर्य वाटलं नाही.

दोर पेटीतून काढला. एका ठिकाणी उंदरांनी कुरतडला होता, तिथं नवा पीळ भरून घेतला. दोन दिवस उन्हात टाकला. त्याला अजून मायच्या हातच्या तेलाचा वास येतो. बसायचा पाट तुझ्याकडे असेलच. नसला तर इथून आणते, बसमध्ये कोण काय म्हणणार आहे? ऋतिकाने आत्तापासून मैत्रिणींना सांगितलंय. मीही काही कमी नाही, आखाजीला माहेरी चालले म्हणून गल्लीभर सांगून झालं आहे. एकाहत्तराव्या वर्षी माहेरी जायला निघालेली बाई गल्लीत दुसरी नाही. ताईबाईला हेवा वाटला, ते पाहून बरं वाटलं.

भूपा, मला फार आनंद झाला आहे. आता यात काही खोडा घालू नकोस.

रत्नाअक्का


पिंप्राळा
१७ मार्च २०२५

ती. अक्कास,

नमस्कार. घाईत लिहितो.

यंदा ऊन फार आहे. होळी झाली नाही तोच गॅलरीत बसवत नाही. एप्रिलअखेर तर काय होईल. तुझं वय, एसटीतला घाम, त्यात ऋतिकाची बारावी. मला वाटतं यंदा तू येऊ नयेस. मीच येतो धुळ्याला आमरस खायला. झोक्याचं काय एवढं? ऋतिकाला हौस असेल तर तुमच्या गच्चीवर लोखंडी झोपाळा बसवून देतो, गादीसकट. तो वर्षभर राहतो.

बाकी ठीक. समितीबद्दल लिहिण्यासारखं विशेष काही नाही.

भूपेंद्र


देवपूर, धुळे
२४ मार्च २०२५

भूपेंद्र,

आशीर्वाद यावेळी लिहीत नाही.

तुला समितीबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, हे वाचलं तेव्हाच मला घाम फुटला. ज्या माणसाने करवंटीवर सुद्धा ओळ खर्ची घातली, त्याला अचानक लिहायला काही नाही? ऋतिकाला म्हटलं, ज्योतीला लाव फोन. ती बोलली आणि ऋतिकाने मला एकेक वाक्य कानाशी ओरडून सांगितलं. तेव्हा आता आमच्याही गल्लीला कळलं आहे.

गॅलरीतून तू ओरडलास, “एवढा पाल्याचा तिटकारा असेल तर निंबच तोडा ना, मुळासकट! वर फरशी बसवा, म्हणजे रोज पुसता येईल!” हाच ना तुझा टोला? आणि खाली सगळे चिडीचूप झाले ते लाजून नाही रे बाबा, ते विचार करत होते! पुढच्या बैठकीत प्रेमराजने माइकवर सांगितलं की भूपेंद्र नानांसारख्या अनुभवी माणसाने फार उत्तम सूचना केली आहे, आणि टाळ्या वाजवून ती मंजूर झाली. आता रंगीत फरशीचे नमुने आले आहेत. झाड तोडायच्या परवानगीच्या मागे माणूस लागला आहे. तुझ्या घरी पेढे देऊन गेले आणि तू ते घेतलेस!

भूपा, तुनी जिभ शे का कुऱ्हाड?

माय म्हणायची ना, “भूपा बठ्ठा गावले हासस, याले कोन हासी?” घे, सगळ्या गावाला हसणाऱ्याला मी हसते. चाळीस मूर्खांत एक शहाणा होता, आणि मूर्खांनी काम केलं ते शहाण्याच्या सल्ल्याने. 

तू तेव्हाच खाली जाऊन सांगायला हवं होतंस की मी थट्टेने बोललो. का नाही गेलास ते मला कळतं. चाळीस जणांसमोर ‘मी तुमची टिंगल करत होतो’ म्हणायला तुझी मान खाली जाते. त्यापेक्षा झाड खाली गेलेलं तुला चालतं. आणि मला उन्हाची भीती दाखवतोस! खानदेशात जन्मलेल्या बाईला! गादीचा झोपाळा तू तुझ्या गॅलरीत बसव आणि त्यावर झोप.

एक निंब मी रस्त्याला दिला. दुसरा माझ्या भावाच्या जिभेला देणार नाही. खाली उतर. पायात चप्पल घाल आणि त्या प्रेमराजच्या घरी जा. काय बोलायचं ते मी सांगणार नाही, बोलण्यात तू हुशार आहेस.

झाड राहिलं तर कळव. नाही राहिलं तर पत्र पाठवू नकोस. आखाजीलाही नको आणि नंतरही नको.

रत्ना


पिंप्राळा
४ एप्रिल २०२५

ती. अक्कास,

गेलो होतो. जे झालं ते जसंच्या तसं लिहितो, म्हणजे तुला ज्योतीला फोन करायला नको.

प्रेमराजच्या ओट्यावर त्याची आई झुंबरबाई बसली होती. ऐंशीची बाई, दिवसभर तिथंच बसून येणारा-जाणारा मोजते. आत प्रेमराजने मला खुर्ची दिली, सरबत दिलं आणि फरशीचे नमुने पुढे मांडले. म्हणाला, “नाना, लाल घ्यायची का पिवळी? सूचना तुमची हाये, रंग बी तुमीच सांगा.”

मी म्हटलं, “प्रेमराजभाऊ, ती सूचना नव्हती. मी मस्करी करत होतो.”

“कोनाची?”

“तुमची. समितीची.”

मला वाटलं आता हा मला घराबाहेर काढतो, आणि खरं सांगतो, काढलं असतं तर बरं वाटलं असतं. पण तो खो खो हसला. आत ओरडून बायकोला म्हणाला, “आयकलं का, नाना लय गमत्या मानूस हाये!” अक्का, माझा अपमान करण्याइतकी सुद्धा त्याला समज नाही. मग म्हणाला, “पन नाना, मस्करीत बोलले तरी बोलले खरं. पाला कोन झाडीन? समिती त रविवारीच येते.”

मला झाडाचं वय सांगायचं होतं, सावली, हवा, शास्त्र. सगळं पाठ करून गेलो होतो. यातलं एक अक्षर न बोलता तोंडातून शब्द गेला, “मी.”

“रोज?”

“रोज.”

त्याने लगेच आतून जाकीट आणलं. नारिंगी. सगळ्यात मोठं शिल्लक होतं, ते माझ्या गुडघ्यापर्यंत येतं. अट अशी की रविवारी समितीला निंबाखाली पाला दिसला तर झाड जाणार. मी निघालो तशी ओट्यावरून झुंबरबाई म्हणाली, “वरतून झाडनं सोपं होतं ना, नाना?” म्हातारीला घरात सगळ्यात जास्त अक्कल आहे.

तेव्हापासून रोज सकाळी मी झाडतो. पहिल्या दिवशी वाऱ्याच्या उलट दिशेने झाडलं आणि सगळा पाला तोंडावर घेतला. ज्योती गॅलरीत उभी होती. ती हसली नाही, हे जास्त लागलं. खाली येऊन एवढंच म्हणाली, “नाना, वारा पाठीवर घ्या.” आणि माझ्यासाठी चहा घेऊन आली होती तो बाकावर ठेवून गेली. कप मी स्वतः वर नेला आणि धुतला. हे मुद्दाम लिहितो.

पानगळ संपत आली तर आता मोहोर गळतोय. समितीतले लोक येता-जाता माझा फोटो काढतात. समोरच्या इमारतीत झुलाल म्हणून एकजण आहे, माझ्यासारखाच निवृत्त. तो गॅलरीत खुर्ची टाकून बसतो आणि चहाचा घोट घेत म्हणतो, “नाना, बाकाखाली राहिलं बरं का!” असल्या माणसांचा मला मनस्वी संताप येतो. पण माझं हे वाक्य वाचून तू काय म्हणशील तेही कळतं, तेव्हा म्हणू नकोस.

निंब उभा आहे. फांदीही आहे. मी घ्यायला येऊ का?

भूपेंद्र


देवपूर, धुळे
१२ एप्रिल २०२५

चि. भूपा,

अनेक आशीर्वाद, मागचे राहिलेले धरून.

फोटो इथं पोहोचला आहे. ऋतिकाने मोबाईल माझ्या डोळ्यांशी धरला. नारिंगी जाकिटात बुजगावणं उभं आहे असं आधी वाटलं. मग झाडू धरायची पद्धत पाहिली, बोरू धरावा तसा धरलेला, तेव्हा ओळखलं. आमच्या सूनबाईला हसून हसून ठसका लागला. मी तो फोटो कागदावर काढून आणायला सांगितला आणि कपाटाच्या काचेत लावला आहे. येणाऱ्याला दाखवते. ‘हा कोण’ विचारलं की सांगते, हा माझा भाऊ, बाजार समितीत हेडक्लार्क होता, आता सुधारला.

थट्टा पुरे. भूपा, तो फोटो पाहून मी हसले, आणि मग आत जाऊन रडले. मायने पाहायला हवा होता.

पण फार फुगू नकोस. पंधरा दिवस झाडलंस, त्याआधी पंचवीस वर्षं पाहिलंस. हिशेब अजून माझ्या बाजूने आहे. आखाजीच्या आदल्या दिवशी ये. नवा सदरा घाल, जाकीट नको. पाट मी आणते. आणि आल्याबरोबर मी आधी बाकाखाली पाहणार आहे.

रत्नाअक्का


पिंप्राळा
५ मे २०२५

ती. अक्कास,

नमस्कार. तू आणि ऋतिका नीट पोहोचल्याचं कळलं. तुम्ही गेल्यापासून घर गप्प आहे.

आखाजीच्या दिवशी तिथं तू होतीसच, पण अर्धी गोष्ट तुला माहीत नाही. झोक्यावर बसताना तू कानातलं यंत्र काढून माझ्या खिशात टाकलं होतंस. त्यामुळे जे ऐकायचं ते तुझं राहून गेलं. ते सांगतो.

बाकाखाली तू पाहिलंस, पाला सापडला नाही म्हणून बाक हलवायला लावलास आणि शेवटी एक पुडी शोधून काढलीसच. ती पुडी मी जपून ठेवलेली नाही, खात्री बाळग. मग दोर टाकला, पाट बांधला आणि तू बसलीस. कॉलनीतल्या बायका आधी आपापल्या दारात उभ्या होत्या. तुझं गाणं सुरू झालं तशा एकेक करून खाली आल्या. तू ज्या चालीत गात होतीस त्या चालीशी बाकीच्यांचा ताळमेळ नव्हता, कारण तुला त्यांचं ऐकू येत नव्हतं, पण त्या तुझ्यामागे फरफटत गायल्या. तेवढ्यात प्रेमराज आला. बरोबर दोन माणसं आणि फ्लेक्स. ‘समितीतर्फे आखाजी महोत्सव’, खाली त्याचा फोटो. तो फ्लेक्स त्यांना त्याच फांदीला बांधायचा होता, आणि दोर मध्ये येत होता. त्यातला एक मला म्हणाला, “नाना, बायांले दहा मिनिटं उतरवा.”

मी तोंड उघडलं. फार झणझणीत काहीतरी सुचलं होतं, अक्का. पण मी ते गिळलं. खरंच गिळलं. म्हटलं, आपल्या बोलण्याने या झाडाचं भलं होत नाही.

तर मागून काठी वाजली. झुंबरबाई. ओट्यावरून उतरून, रस्ता ओलांडून आली होती. ज्योतीने हात धरला होता. म्हातारी थेट झोक्यापाशी आली, तुझ्याकडे बघून हसली आणि तू सरकून तिला जागा केलीस. एवढं तुला आठवत असेल. बसल्यावर ती लेकाला म्हणाली, “साठ वर्सात मले कोनी झोका नाही बांधला. अन तू हा निंब तोडशीन? पह्यले तुही समिती तोड, मंग निंब तोड.”

सगळ्या बायकांसमोर, अक्का! प्रेमराजचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. माइक असता तरी तो बोलला नसता. फ्लेक्स गुंडाळला आणि निघून गेला. तुला वाटलं फोटो काढून झाला म्हणून गेला, तू त्याला हात हलवून निरोपही दिलास.

फरशीचे नमुने परत गेले. परवानगीच्या मागे लागलेला माणूसही परत बोलावला. झाड आता सुरक्षित आहे, कारण प्रेमराज देवाला भीत नसेल, पण ओट्यावर बसलेल्या आईला भितो. समितीही जवळजवळ संपली. आता रोज पहाटे हास्य क्लब चालतो, त्याच उद्यानात, त्याच अध्यक्षाखाली. वर तोंड करून हसतात आणि मी झाडलेल्या पाल्यावर उभे राहतात. जाकिटांनी लोक स्कूटर पुसतात.

मी अजून झाडतो. कोणी सांगितलेलं नाही, अटही राहिली नाही. तुम्ही लोकांनी आंब्याच्या कोयी आणि शेंगांची टरफलं मिळून जो कचरा केला होता तो काढायला दोन दिवस गेले. पण त्या झुलालचं काय करू? रोज सकाळी कप घेऊन बसतो. काल म्हणाला, “नाना, झाडच तोडून टाका ना एकदाचं, कशाला कंबर मोडून घेता?” आणि आपल्याच विनोदावर हसला. उद्या मी त्याला असा टोला हाणणार आहे की गॅलरीचं दार लावून घेईल. दोन वाक्यं तयार आहेत. कुठलं बरं वाटतं ते कळव.

भूपेंद्र


देवपूर, धुळे
१४ मे २०२५

चि. भूपा,

आशीर्वाद. झुंबरबाई काय म्हणाली ते मी दोनदा वाचलं. शेजारी बसून मला ते ऐकू आलं नाही, याची हळहळ वाटते. पण झोका उंच गेला की तिने माझा हात घट्ट धरला होता, तेव्हा काहीतरी बोलली असेल असं वाटलं होतं. तिला सांग, पुढच्या आखाजीपर्यंत तिने टिकायचं आहे. मीही टिकते. दोर सुकवून, तेल लावून पुन्हा पेटीत ठेवला आहे.

प्रेमराजला मी निरोप दिला हे बरंच झालं. जाणाऱ्याला निरोप द्यावा.

आता तुझी दोन वाक्यं. दोन्ही फाडून टाक. तुझ्या टोल्यांचं काय होतं ते एकदा पाहिलंस, पुन्हा हौस नको. झुलालवर चिडूही नकोस. तो तुझ्याच खुर्चीवर बसला आहे, नुसती इमारत दुसरी. अशा माणसाला परकं कोणी बोलून खाली उतरवू शकत नाही. सकाळी झाडून झालं की त्याच्या गॅलरीखाली उभा राहा आणि साध्या आवाजात, हसू न आणता, एवढंच विचार:

“झुलालभाऊ, तुम्हाला बहीण आहे का?”

रत्नाअक्का